गुरुवारचं टपाल

४ जून, बुधवार

हॉस्पिटलात समन्वय बैठक झाली. डोकं अजून तापलेलं आहे, आणि ते काही उन्हामुळे नाही.

विषय नेहमीचाच. डॉक्टर पोरं शिकतात आमच्या विद्यापीठात, ड्यूटी करतात ट्रस्टच्या हॉस्पिटलात. त्यांचे आयडी आम्ही देतो, पेशंटचं सॉफ्टवेअर हॉस्पिटलचं. मधे रस्ता एक, भांडणं रोजची. आमचा संगणक विभाग आणि त्यांचा, म्हणजे एका घरातल्या दोन जावा.

मेश्राम मॅडम तिकडच्या विभागाच्या. एजन्सीमार्फत कंत्राटावर आहेत, पण नऊ वर्षं झाली, सगळा कारभार त्याच पाहतात. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "गिरडकर सरांकडे तक्रार टाकली की ती सरांसोबतच रिटायर होते." हसले सगळे. त्यांचे अधीक्षक हसले ते ठीक आहे. आमचे संचालकही हसले, बशीत चहा सांडेपर्यंत. मी पण हसलो. काय करतो!

सव्वीस वर्षं. हे नेटवर्क उभं केलं तेव्हा केबलची भेंडोळी खांद्यावर वाहिली आहेत मी. शिड्या चढलो आहे. आणि ही बाई मला... जाऊ दे.

६ जून, शुक्रवार

दरवर्षीचं काम उरकलं. निकाल लागला की पास झालेल्यांचे आयडी बंद करायचे. परीक्षा विभागाची यादी आलीच होती. चार वाजता बटन दाबलं, दोनशेच्या वर आयडी एका झटक्यात गेले. साफसफाई झाली की बरं वाटतं.

कालचं टपाल टेबलावर तसंच आहे, पाहणं झालं नाही. आता सोमवारी.

घरी येऊन कुलरचं गवत बदललं. सुलभा म्हणाली, "आता आठ दिवसांत पाऊस येईन, आता काहून बदलून राहिले जी?" बायकोला हो म्हणून टाकलं की वाद मिटतो. हो म्हटलं आणि बदललं.

९ जून, सोमवार

लिहावंसं वाटत नाही. लिहितो तरी.

सकाळी साडेनऊला संचालकांचा फोन. "गिरडकर, हॉस्पिटलच्या डॉक्टरांचे आयडी तुम्ही बंद केले काय?" म्हटलं, हो सर, पास झालेल्यांचे, दरवर्षीप्रमाणे. मग म्हणाले, "खाली या."

झालं असं. रक्ताचा धोक्याचा रिपोर्ट असला की लॅबचं सॉफ्टवेअर ड्यूटीवरच्या डॉक्टरला आपोआप निरोप टाकतं, मोबाइल वाजतो. निरोप जातो आम्ही दिलेल्या आयडीवर. पूर्वी लॅबवाले फोन करायचे. हे आपोआपचं आलं आणि फोन बंद झाले. आता पास झालेली पोरं नवीन बॅच येईपर्यंत ड्यूटी करतातच. आमच्या यादीत ती गेलेली, तिकडे वॉर्डात उभी. सॉफ्टवेअरचं लॉगिन वेगळं, ते चालू होतं, म्हणून दोन दिवस कोणाच्या लक्षातच आलं नाही.

एक बाई आहे, चव्वेचाळीस वर्षांची, किडनीचा त्रास. शनिवारी संध्याकाळी तिच्या रक्तात पोटॅशियम फार वाढलेलं आलं. निरोप गेला बंद आयडीवर. ड्यूटीवर एक डॉक्टर पोरगी, एकटीकडे चाळीस पेशंट. मोबाइल वाजला नाही म्हणजे रिपोर्ट बरा, असं तिनं धरलं. रविवारी सकाळी बाईचं हृदय थांबलं. सात मिनिटांनी परत चालू झालं. व्हेंटिलेटरवर आहे.

अकरापर्यंत सगळे आयडी चालू केले. संचालकांनी विचारलं, "त्यांनी आपल्याला कळवलं होतं का काही? थांबा म्हणून?"

म्हटलं, "माझ्या पाहण्यात नाही आलं सर."

१० जून, मंगळवार

मेश्राम मॅडमचा फोन. आवाज अगदी सपाट. "सर, गुरुवारी मी पत्र पाठवलं होतं. पन्नास नावांची यादी जोडली होती. हे लोक ऑगस्टपर्यंत ड्यूटीवर आहेत, यांचे आयडी बंद करू नका म्हणून. मिळालं नाही काय?"

म्हटलं, टपालात असेल, शोधतो.

"शोधा सर," म्हणाल्या आणि ठेवून दिला.

बाई अजून मशीनवरच आहे. पोहे पुढ्यात होते, तर्री वर गोठली. सुलभानं उचलून नेले.

११ जून, बुधवार

खोटं लिहिलं आहे वर. शुक्रवारच्या नोंदीत. कोणासाठी लिहिलं काय माहीत! ही वही मीच वाचतो, आणि मीच मला फसवून राहिलो.

टपाल पाहिलं होतं. गुरुवारी दुपारी, जेवणानंतर. वरून तिसरंच पत्र मेश्राम मॅडमचं. वाचलं. पूर्ण वाचलं, यादी उलटून पाहिली. "कृपया सदर आयडी ऑगस्टअखेरपर्यंत बंद करू नयेत." कोपऱ्यात माझी सही केली, तारीख टाकली, आणि फाइलच्या खाली सरकवलं. मनात काय आलं तेही आठवतं. म्हटलं, आता कळू दे मॅडमला रिटायर होणं म्हणजे काय. दोन दिवस आयडी बंद राहतील, पोरं बोंबलतील, मॅडम फोन करतील, सर प्लीज म्हणतील. मग करू चालू. एवढंच होतं डोक्यात. एवढंसंच.

पेशंटचा निरोप त्या आयडीवर जातो हे माहीत होतं काय? माहीत होतं. दीड वर्षापूर्वी ती जोडणी मीच करून दिली होती. पण त्या दिवशी ते आठवलंच नाही. म्हणजे आठवावं असं वाटलं नाही.

थू आहे माझ्यावर.

पत्र बॅगेत घालून घरी आणलं आहे. ऑफिसात ठेवायची हिंमत झाली नाही.

१३ जून, शुक्रवार

हॉस्पिटलात जावं लागलं, जोडणी तपासायला. सर्व्हरची खोली आयसीयूच्या त्याच माळ्यावर. बाहेर बाकावर एक माणूस बसला होता, पांढरा दुपट्टा गळ्यात, पायाशी डब्याची पिशवी. माझ्या खांद्यावरची लॅपटॉपची बॅग पाहून उठला.

"साहेब, तुम्ही कंप्युटरवाले काय?"

हो म्हटलं.

"मी भोयर. खापरखेड्याचा. विजेच्या प्लान्टात कंत्राटी आहो. माही बायको आतमंधी आहे, मंदा." मग जवळ आला. "मले एक सांगा. डॉक्टर म्हनते रिपोर्ट कंप्युटरात आला होता. आला होता तर दिसला काहून नाई?"

म्हटलं, "चौकशी चालू आहे."

"हाव, ते सारेच म्हनते. तुम्ही शिकलेले मानसं. तुमाले तं मालूम असन."

म्हटलं, "सर्व्हरचा प्रॉब्लेम होता."

त्यानं मान हलवली. पटलं त्याला! सर्व्हर म्हटलं की कोणीही गप्प होतो. आम्ही सव्वीस वर्षं लोकांना असंच गप्प करत आलो. वर मला म्हणतो, "बसा ना साहेब, चहा घेता काय?" स्वतःच्या थर्मासातला. नाही म्हणायला पाहिजे होतं. घेतला.

१६ जून, सोमवार

संयुक्त चौकशी समितीची बैठक संचालकांच्या खोलीत. आमचे संचालक, त्यांचे अधीक्षक, मी, आणि टंकलेखनाला एक बाई. मेश्राम मॅडमला बोलावलंच नाही. कचोरी होती.

मी पाऊण तास तयारी करून गेलो होतो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. पण विचारलंच नाही कोणी. अधीक्षक म्हणाले, "आमच्याकडून काही पत्र-बित्र गेलं असेल तर ते कंत्राटी स्टाफच्या पातळीवर गेलं. माझी सही नाही त्याच्यावर. म्हणजे अधिकृत नाही." संचालक म्हणाले, "करेक्ट. आणि आमच्या पाहण्यात आलंच नाही. काय गिरडकर?"

मी कचोरीचा तुकडा तोंडात घातला होता. मान हलवली. हो की नाही, कशीही लागू होईल अशी. टंकलेखिकेनं हो लिहिलं.

मसुदा ठरला: हॉस्पिटलच्या कंत्राटी संगणक कर्मचाऱ्याने योग्य मार्गाने माहिती न दिल्यामुळे सदर प्रकार घडला. एजन्सीला कळवून कर्मचारी बदलून घ्यावा. तीस तारखेपर्यंत.

अकरा वर्षं मी या समन्वयाच्या बैठकांना जातो आहे. एका साध्या पासवर्डावर यांचं आजवर एकमत झालं नव्हतं. आज पस्तीस मिनिटांत सगळं जुळलं. आणि वर नवीन समन्वय समितीचा निमंत्रक कोण? मी. अनुभवी माणूस पाहिजे म्हणाले.

१८ जून, बुधवार

नियमावलीचा मसुदा लिहून दिला. संचालकांना फार आवडला. "वा! याला म्हणतात काम."

काय आहे त्यात? दोन्हीकडची एकच यादी ठेवायची. दोघांच्या सह्या असल्याशिवाय एकही आयडी बंद करायचा नाही. शनिवार-रविवारच्या तोंडावर काही बंद करायचं नाही. निरोप पोचला नाही तर दहा मिनिटांत लॅबनं फोन करायचा. आलेल्या पत्राला दोन दिवसांत उत्तर द्यायचं. अर्ध्या तासात लिहून झालं. विचार करावाच लागला नाही, मी काय काय केलं ते उलटं लिहीत गेलो.

संध्याकाळी सुलभाला सांगितलं. सगळं. ती भाजी निवडत होती, मेथीची. ऐकून काड्या बाजूला सारल्या.

"म्हणजे त्या बाईनं पत्र दिलं होतं?"

हो.

"आणि तुम्ही वाचलं होतं?"

हो म्हटलं ना.

"मंग तिची नोकरी तुम्ही खाल्ली ना जी. आणि तिकडे ती भोयरबाई मशीनवर. आणि तुमाले निमंत्रक केलं." हसली. तसलं हसणं मी एकोणतीस वर्षांत तिच्या तोंडावर पाहिलं नव्हतं. "बाप्पा! मी तर आतापर्यंत समजून राहिली होती का तुम्हाले वाईट वाटून राहिलं त्या पेशंटचं."

वाटून राहिलं आहे म्हटलं.

"वाटून काय होते?"

भाजी तशीच ठेवून देवघराकडे गेली. मी काड्या वेचत बसलो.

२० जून, शुक्रवार

निमंत्रक म्हणून मेश्राम मॅडमकडून चार्ज समजून घ्यायला गेलो. कोणाचा आणि कोण घेऊन राहिला, पहा. मनीषनगरहून स्कूटीवर येतात, पाऊस झाला होता, साडीचा काठ ओला. टेबलावर सगळं मांडून ठेवलं होतं. कोणती मशीन कशाची, कोणाला फोन करायचा, कोणत्या वॉर्डाचा वायफाय का अडतो. बालरोगच्या वॉर्डात भिंतीत लोखंड आहे म्हणून तिकडे तार वेगळी टाकली आहे, तेही लिहिलेलं. मी एवढं नीटनेटकं कधी कोणाला दिलं नाही.

समजावून झाल्यावर वही बंद केली. "सर, एकच विचारते. पत्राची पोच होती माझ्याकडे, तुमच्या विभागाच्या शिक्क्याची. अधीक्षक सरांनी पाहायला म्हणून घेतली, परत दिली नाही. म्हणाले, विद्यापीठाशी वाकडं घेऊ नका, पोरांच्या परीक्षा त्यांच्याकडे आहेत. म्हणून माझ्या हातात काही नाही आता. मला नोकरीचं सोडा. एजन्सी दुसरीकडे टाकेल किंवा नाही टाकणार. पण ते कारण लावून मला पाठवून राहिले ना, की एका बाईचा जीव जात होता तो माझ्यामुळे... मी घरी काय सांगू? पत्र तुम्हाला मिळालं होतं की नाही?"

बॅग माझ्या मांडीवर होती. बॅगेत पत्र.

म्हणालो, "शोधून राहिलो मॅडम."

त्यांनी पाहिलं माझ्याकडे. मग म्हणाल्या, "त्या दिवशी बैठकीत मी तसं बोलायला नको होतं. चुकलं माझं." आणि किल्ल्यांचा जुडगा पुढे सरकवला.

माफी मागितली तिनं. माझी. मी जुडगा उचलला आणि जिना उतरलो. खाली आल्यावर स्कूटरला किक बसेना. पार्किंगवाला म्हणे, काय काका, तब्येत बरी नाही काय?

२३ जून, सोमवार

संचालकांना सांगितलं. सकाळी दहाला, उभ्याउभ्या. पत्र मिळालं होतं, मी वाचलं होतं, मुद्दाम बाजूला ठेवलं होतं. पत्र टेबलावर ठेवलं.

त्यांनी पत्राला हात लावला नाही. "बसा गिरडकर. पाणी घ्या."

पाणी घेतलं.

"अहवाल शुक्रवारीच वर गेला. आता हे काढलं तर काय होईल? तुमचं किती राहिलं, दीड वर्ष? तुमची पेन्शन, विद्यापीठाचं नाव, हॉस्पिटलचा करार. कोर्टकचेरी. आणि ती पेशंट तर सुधारून राहिली म्हणतात. मग?"

म्हटलं, मेश्राम मॅडम.

"त्यांना मी दुसरीकडे चिकटवतो ना यार. शब्द देतो. आणि हे," पत्राकडे बोट केलं, "फाडा असं मी म्हणत नाही. मी असं कधी म्हणणार नाही. नीट सांभाळून ठेवा, एवढंच म्हणतो."

बाहेर आलो आणि, लिहायची लाज वाटते, पण हलकं वाटलं. वाटलं, सांगून झालं आपलं. झालं आपलं कर्तव्य. विभागात येऊन चहा मागवला, दोन बिस्किटं खाल्ली. तिसरं उचललं तेव्हा कळलं, की मी फक्त त्यालाच सांगितलं ज्याला ते ऐकायचंच नव्हतं.

२४ जून, मंगळवार

मंदाताईंना गुरुवारीच वॉर्डात हलवलं. मशीन निघाली. बोलतात, पण हळू. मधेच शब्द सापडत नाही. डावा हात अजून साथ देत नाही. अंगणवाडीत मदतनीस आहेत, खिचडी त्याच करतात, तीस पोरांची. आता कढई कशी उचलणार म्हणून भोयर विचारत होता, डॉक्टरला, नर्सला, मला.

दुपारी गेलो होतो. काही काम नव्हतं. भोयरनं ओळख करून दिली, "हे कंप्युटरवाले साहेब. लय भले आहे. रोज चौकशी करते तुही."

मंदाताईंनी उजव्या हातानं पदर सारखा केला. "भाऊ," म्हणाल्या, "थे डॉक्टरीन पोरगी... लय रडे. माह्या उशाशी बसून. तिले सांगजा... तिची गलती नाई."

स्टूल ओढून बसलो. म्हटलं, ताई, तिची गलती नाहीच. आणि सांगून टाकलं. त्यांना कळेल असं, साध्या शब्दांत. एका मॅडमनं मले कागद पाठवला होता, हे बंद करू नका म्हणून. मी तो वाचला. मले त्या मॅडमचा राग आला होता, म्हणून मी बंद केलं. म्हणून तुमचा रिपोर्ट डॉक्टरले दिसला नाही. सर्व्हर-बिर्व्हर काही नव्हतं. मी होतो.

शेजारच्या खाटेवरची म्हातारी आमच्याकडे पाहू लागली. मंदाताई छताकडे पाहत होत्या. त्यांना किती समजलं, माहीत नाही. पंखा फिरत होता. मला वाटलं भोयर मारेल. मारावं असं वाटलं, खरं सांगतो.

तो म्हणाला, "रागावले होते? कायच्यासाठी?"

म्हटलं, बैठकीत मले हसले होते.

"हसले होते," तो म्हणाला. बस, एवढंच. दोनदा. मग बायकोच्या पायावरची चादर नीट केली. ती नीटच होती. माझ्याकडे वळला. रागात नव्हता, तेच सहन होईना.

"साहेब, हे लिहून देता काय?"

मी स्टूल मागे सारलं.

"मी आठवी पास मानूस. मी कोनाले सांगतो का कंप्युटरवाला साहेब असा असा म्हने, तं मले हाकलून देईन. तुमच्या सहीनं लिहून द्या. त्या मॅडमले बी कामी पडन. परवा सुट्टी देते इले. त्याच्या आधी द्या."

हो म्हणालो. तोंडातून निघालं.

२५ जून, बुधवार

रजा टाकली. सकाळपासून जेवणाच्या टेबलावर बसलो आहे. सुलभानं कोरे कागद आणून ठेवले, पेन ठेवला, आणि स्वतः शेजारणीकडे गेली. जाताना म्हणाली, "चहा करून ठेवला आहे. मी नाही सांगत काय लिहायचं ते."

संचालकांचे चार फोन येऊन गेले. कुठून कळलं कोण जाणे, वॉर्डातली भिंतसुद्धा बोलते. एकही उचलला नाही. पाचव्याला मेसेज: "गिरडकर, घाई करू नका. संध्याकाळी घरी येतो. वहिनींच्या हातचं जेवू."

पहिला कागद: "मी, प्रमोद गिरडकर, याद्वारे नमूद करतो की, कामाच्या व्यापात अनवधानाने" इथपर्यंत गेला. फाडला.

दुसरा: "मी, प्रमोद गिरडकर, नमूद करतो की सदर पत्र माझ्या टपालात प्राप्त झाले होते, परंतु त्याचे गांभीर्य" पर्यंत. तोही फाडला. गांभीर्य! यादी उलटून पाहिली होती मी. हात कसा सरावला आहे पहा, मी काही केलंच नाही असं लिहायला. सव्वीस वर्षांची सवय. वाक्य आपोआपच वळतं, माणूस वाक्यातून बाहेर निघून जातो.

पेन्शनचं येतंच मनात, नाही कसं म्हणू? पोरीच्या सासरी कळेल. विभागातली माणसं कळलं की कशी पाहतील ते आत्ताच दिसून राहिलं. आणि मग मेश्राम मॅडमचा ओला काठ, आणि तिची ती माफी.

साडेचार वाजले. तिसरा कागद समोर आहे. भोयर उद्या दहाला हॉस्पिटलच्या फाटकाशी थांबतो म्हणाला. आतापर्यंत एवढं झालं आहे:

"मी, प्रमोद गिरडकर. ५ जूनचं पत्र मी त्याच दिवशी वाचलं. वाचून"

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. संचालकांचीच असावी. सुलभा अजून आली नाही.